बातरीची पेटी

मित्रांनो, नागपुरातल्या एका शाळेचा मी जुना साइड ड्रम. गळ्यात पट्टा अडकवून डाव्या मांडीशी टेकवतात आणि दोन काड्यांनी वाजवतात, तोच मी. माझ्यासारख्या ड्रमांनी किती मिरवणुका गाजवल्या असतील! मी मात्र आयुष्यातली सलग अकरा वर्षं एका पत्र्याच्या पेटीत काढली. पेटीवर एक शब्द लिहिलेला होता. त्या शब्दापायी मी आत राहिलो, आणि माझ्यापायी एक भला माणूस आपल्याच घरात कोंडला गेला. ती हकीकत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म मेरठचा. तिथल्या एका गल्लीत घरोघरी बँडची वाद्यं बनतात. आंब्याच्या लाकडाची पातळ फळी वाफेवर वाकवून माझं गोल अंग तयार झालं. वर आणि खाली बकऱ्याचं कातडं बसलं. खालच्या कातड्याला बारीक तारा लावल्या. वरून काडी पडली की या तारा थरथरतात, म्हणून माझा आवाज ढोलासारखा घुमत नाही, करकरीत निघतो. आम्ही चार भाऊ एकाच आठवड्यात तयार झालो आणि गवतात गुंडाळून रेल्वेने नागपूरला आलो.

शाळेत आमची गाठोडी सोडली ती रुपराव मेश्राम सरांनी. सर मूळचे उमरेडचे. पंधरा वर्षं फौजेच्या बँडात वाजवून आले होते आणि शाळेत बँडमास्तर होते. अंगानं सडसडीत, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. त्यांनी आम्हा चौघांनाही कानाशी धरून एकेक टिचकी मारली. कोणाचा आवाज कसा आहे ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं, आणि ते कधीही विसरले नाहीत.

पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर इंग्रजीत एक शब्द लिहिला. सातवीतल्या भैरवी नावाच्या मुलीनं लगेच हात वर केला.

"सर, स्पेलिंग चुकलं. बॅटरीच्या शेवटी वाय असते. तुम्ही आय-ई लिहिलं."

"चुकलं नाही वं. ही टॉर्चची बॅटरी नाही, ही बातरी आहे," सर म्हणाले. "फ्रेंच शब्द आहे. फौजेत मले पाँडिचेरीच्या एका हवालदारानं शिकवला. जे ड्रम गळ्यात घालून चालता चालता वाजवतात, ते सगळे मिळून बातरी. साइड ड्रम, टेनर, बेस, सगळे."

"पण मग बॅटरीसारखंच काहून लिहितात?"

सरांना असा प्रश्न फार आवडायचा. ते खडू खाली ठेवून टेबलावर टेकले. "फ्रेंचमध्ये मारण्याले, ठोकण्याले एक शब्द आहे. त्याच्यातून हे सारं निघालं. तोफा किल्ल्याच्या भिंतीले ठोकतात, म्हणून तोफांच्या रांगेले तो शब्द. मग विजेच्या बरण्या कोणीतरी तशाच रांगेनं मांडल्या, तर त्यायले बी तेच नाव पडलं. म्हणजे टॉर्चमधली बॅटरी आपली चुलत बहीण झाली. पण घर वेगळं, स्पेलिंग वेगळं. आपलं आय-ई. विसरायचं नाही."

त्या दिवसापासून सराव सुरू करण्याआधी सर स्पेलिंग म्हणून घ्यायचे. बी, ए, टी, टी, ई, आर, आय, ई. प्रत्येक अक्षराला एक काडी. मुलं हसत हसत म्हणायची. भैरवी मात्र मन लावून म्हणायची, आणि मला तीच वाजवायची.

मित्रांनो, ती माझी सोन्यासारखी वर्षं होती. सव्वीस जानेवारीला कस्तूरचंद पार्कच्या मैदानावर आम्ही चालायचो. चौदा एप्रिलला शाळेची मुलं निळे फेटे बांधून निघायची तेव्हा आम्ही पुढे असायचो. उन्हानं कातडं तापून माझा आवाज चढायचा, मग सर सावलीत नेऊन दोऱ्या ढिल्या करायचे. वाजवून झालं की तसंच ठेवून देणं त्यांना चालत नसे. "दिवसभर ताठ उभं राहून दमला ना तो. सोडा त्याले आता," म्हणायचे. मग दोऱ्या सैल होत, खालच्या तारांचा चाप उघडला जाई आणि कोरड्या फडक्यानं माझं अंग पुसलं जाई. इतकी माया माझ्यावर कोणीच केली नाही. पुढे तीच माया मला किती महागात पडणार होती, हे तेव्हा ना त्यांना माहीत होतं, ना मला.

भैरवी दहावी होऊन गेली. दुसरी मुलं आली, गेली. दोन हजार बाराच्या उन्हाळ्यात शाळेची जुनी इमारत दुरुस्तीला काढली. बँडची खोली रिकामी करायची होती. सरांनी आम्हा चौघांना शाळेच्या जुन्या पडद्यांत गुंडाळून एका हिरव्या पत्र्याच्या पेटीत बसवलं. दोऱ्या सैल केल्या, चाप उघडले. बेस ड्रम पेटीत मावेना, तो जिन्याखाली राहिला. सरांनी कडीला सुतळी बांधली आणि पेटीच्या पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगानं मोठ्या अक्षरांत आमचा शब्द लिहिला. शाळेत तशा हिरव्या पेट्या डझनभर होत्या. आमची वेगळी ओळखू यावी, एवढाच त्यांचा हेतू. मग ते आजारी आईच्या सेवेला उमरेडला गेले.

शाळेचं सगळं सामान सांभाळायचे गोपाळराव. वाईट माणूस नव्हता तो, हे मी आधीच सांगून ठेवतो. अतिशय काटेकोर. नोटिशीत काना-मात्रा चुकली तरी लाल शाईनं दुरुस्त करणारे. मे महिन्याच्या शेवटी ते निवृत्त होणार होते, आणि त्याआधी सारं सामान मागच्या खोलीत नीट लावून द्यायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. मजूर पेट्या उचलून आणत होते आणि गोपाळराव वाचून जागा सांगत होते.

आमच्या पेटीपाशी ते थांबले. मला आतून त्यांचा आवाज ऐकू आला.

"बॅटरीचं स्पेलिंगसुद्धा धड येत नाही यांना! शाळा आहे का काय आहे?"

मग ब्रशचा आवाज झाला. त्यांनी शेवटच्या दोन अक्षरांवर हिरवा रंग फिरवला आणि तिथे एक वाय काढला. शाळेच्या इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या त्याच खोलीत पडल्या होत्या. ही पेटीही त्यातलीच, असं त्यांना वाटलं. मुलांच्या हाताला लागू नये म्हणून त्यांनी खाली मराठीत लिहिलं, 'ॲसिड आहे. उघडू नये.' सुतळी काढून कुलूप लावलं. पेटी भिंतीशी सरकवून तिच्यापुढे बॅटऱ्यांची रांग मांडली. आणि चार दिवसांनी हार-तुरे घेऊन ते पुण्याला मुलाकडे निघून गेले.

जूनच्या शेवटी रुपराव सर परत आले. पेटी कुठेच दिसेना. गोपाळरावांच्या यादीत ड्रमचं नाव नव्हतं. त्यांना फोन लावला तर ते म्हणाले, ढोल-ताशे मी पाहिलेच नाहीत. खरंच सांगत होते ते. मग कोणीतरी कुजबुजलं, की मास्तर उन्हाळाभर उमरेडला होते, लग्नसराई होती, चार ड्रम तिकडच्या बँडवाल्यांकडे गेले असतील. ही गोष्ट शाळाभर व्हायला एक मधली सुट्टी पुरली.

एके दिवशी दुपारी संस्थेचे तीन सदस्य, मोठ्या बाई आणि नवे कारकून मागची खोली तपासायला आले. सरही आले होते.

"सर, तुम्ही व्हरांड्यातच थांबा," एक सदस्य म्हणाले.

"काहून? माहे ड्रम मले ओळखू येत नाहीत का?"

"तुमच्याबद्दलच प्रश्न आहे, म्हणून."

सर बाहेर थांबले. मित्रांनो, दारापासून मी दहा पावलांवर होतो. कुलपं उघडण्याचे, झाकणं आपटण्याचे आवाज येत होते. ही परीक्षेच्या कागदांची. ही प्रयोगशाळेची. मग पावलं आमच्याजवळ आली.

"ही बॅटरीची आहे," कारकून म्हणाले. "हात नका लावू, ॲसिड आहे."

"थांबा!" बाहेरून सरांचा आवाज आला. "माह्या पेटीवर बी तसंच लिहिलं होतं. बातरी. स्पेलिंग वाचून सांगा जरा. शेवटी काय आहे? आय-ई आहे ना?"

आता उघडतील, मी मनात म्हटलं.

"वाय आहे."

"वाय?"

"हो सर. बी, ए, टी, टी, ई, आर, वाय. खाली मराठीतही लिहिलंय."

सर हळू आवाजात म्हणाले, "मग ती माही नाही."

त्या क्षणी मी काय केलं नसतं! माझ्यासारख्या ड्रमच्या तारा ताणलेल्या असल्या तर शेजारी कोणी मोठ्यानं बोललं तरी त्या झणझणतात. त्या दिवशी सरांच्याच आवाजानं मी वाजलो असतो. पण सरांनी किती काळजीनं चाप उघडून ठेवले होते. चार भाऊ पडद्यांत गुंडाळलेले, दोऱ्या सैल, तारा लोंबत्या. आवाज करायलाच जन्माला आलेलो आम्ही, आणि आमच्यातून एक खरखरसुद्धा निघाली नाही. पावलं परत गेली. दार लागलं.

पोलिसांत कोणी गेलं नाही. "शाळेची इज्जत" म्हणून प्रकरण मिटवलं. सरांनी राजीनामा लिहून दिला, ते उमरेडला परत गेले, आणि शाळेतला बँड बंद झाला. व्हरांड्यातून जाणाऱ्यांच्या बोलण्यातून हे मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं.

त्यानंतरचं काय सांगू? पेटीत दिवस आणि रात्र सारखीच. मे महिन्यात पत्रा तापायचा आणि कातडं आक्रसायचं, पावसाळ्यात ओल धरून ते लिबलिबीत व्हायचं. बॅटऱ्यांचा आंबट, नाकात चढणारा वास फटीतून आत यायचा. रोज सकाळी प्रार्थना ऐकू यायची, मग घंटा, मग मुलांचा गलका. एवढ्यावर मी वार ओळखायचो. चौथ्या की पाचव्या उन्हाळ्यात माझ्या शेजारच्या भावाचं कातडं उष्णतेनं फाटलं. फाट्‌ असा मोठा आवाज झाला. बाहेर कारकून होते. ते घाबरून ओरडले, "आतली बॅटरी फुटली!" आम्ही इतक्या वर्षांत एकदाच आवाज केला, आणि त्यानंतर त्या कोपऱ्याकडे झाडूवालीसुद्धा फिरकेना.

पुढे एकदा प्रार्थना बंद झाली. घंटा बंद झाली. जवळजवळ दोन वर्षं एकाही मुलाचा आवाज आला नाही. जगात आजार पसरला होता हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, शाळाच आम्हाला सोडून कुठेतरी गेली.

दोन हजार तेविसाव्या वर्षी एका सकाळी दार उघडलं. नव्या मोठ्या बाईंनी जुन्या बॅटऱ्या काढून टाकायला सांगितल्या होत्या. कबाडीवाला आला होता आणि त्याच्याबरोबर एक शिक्षिका होती. बॅटऱ्या एकेक करून निघाल्या. मग आमची पेटी जमिनीवरून उचलली गेली.

"मॅडम, याच्यात बॅटरी नाही," कबाडीवाला म्हणाला. "एवढी मोठी पेटी मी एकटाच उचलून राहिलो. बॅटरी अशी हलकी असते का?"

"उघडू नका हं," कारकून घाईनं म्हणाले. "आत एक फुटलेली आहे. मी स्वतः आवाज ऐकलाय."

शिक्षिका पुढे आली. ती पेटीपुढे उकिडवी बसली असावी, कारण तिचा आवाज एकदम जवळून आला. "या वायच्या खालून पांढरं काय दिसतंय?" हिरव्या रंगाचे पोपडे सुटले होते. नखानं खरवडल्याचा आवाज झाला. मग ती पुटपुटू लागली. बी, ए, टी, टी, ई, आर... आणि एकदम थांबली.

"आय-ई," ती म्हणाली. "अगं आई! आय-ई आहे हे! कुलूप फोडा!"

"मॅडम, ॲसिड..."

"ॲसिड नाही हो! बातरी आहे! फोडा आधी!"

हातोड्याचे चार घाव बसले. झाकण उघडलं. अकरा वर्षांनी डोळ्यांवर आलेला तो उजेड मला सोसवेना. पडदा बाजूला करून तिनं मला वर काढलं, फिरवलं, आणि माझ्या कड्यावरच्या एका खाचेवर बोट ठेवलं. लहानपणी मैदानावर तिनंच मला पाडलं होतं. ती भैरवी होती. चष्मा लागला होता, केसांत दोन-चार पांढऱ्या तारा होत्या, आणि ती आता त्याच शाळेत इंग्रजी शिकवत होती. ती मला पोटाशी धरून तिथेच धुळीत बसून रडली. कारकून भिंतीला टेकून उभे होते. "मीच वाचलं होतं वाय," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

भैरवीनं त्याच दिवशी मोठ्या बाईंकडून पत्र लिहून घेतलं. चारही ड्रम शाळेच्याच खोलीत सापडले, रुपराव मेश्राम यांचा काहीही दोष नव्हता, शाळा त्यांची माफी मागते, असं त्यात होतं. रविवारी ती मला मांडीवर घेऊन एसटीनं उमरेडला निघाली.

सरांचं घर एका अरुंद गल्लीत होतं. दार त्यांच्या पत्नीनं, प्रेमिलाबाईंनी उघडलं. आत सर खाटेवर बसले होते. मी त्यांना ओळखलं ते हातांवरून. मिशा पूर्ण पांढऱ्या, पाठीला बाक, आणि खोली अशी की खिडकीलासुद्धा कापड लावलेलं.

भैरवीनं मला त्यांच्यापुढे ठेवलं. ते कितीतरी वेळ बघत राहिले. हात पुढे केला नाही.

"चारही आहेत?"

"हो सर. एकाचं कातडं फाटलं. बाकी आहेत."

"कुठी होते?"

तिनं सगळं सांगितलं. हिरवा रंग, वाय, ॲसिड. सर ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे तेच होते त्या पेटीत. मी बाहेरून विचारलं, त्यायनं वाय सांगितलं, अन् मीच म्हटलं, माही नाही. मीच म्हटलं ना वं भैरवी."

"सर, तुम्हाला आत येऊ दिलं असतं तर..."

"अकरा वर्षं झाली, पोरी," प्रेमिलाबाई मध्येच बोलल्या. "बाजारात जात नाहीत. लग्नात जात नाहीत. कोणी बँडवाला गल्लीतून गेला तर दार लावून घेतात. लोकं हसतील म्हणे. मी एकटीनं थैल्या वाहिल्या."

भैरवीनं पत्र पुढे केलं. सरांनी ते वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

"हे मले कशाले? मले तर माहीत होतं. ज्यायले माहीत नव्हतं, त्यायले वाचून दाखवा."

प्रेमिलाबाईंनी ते पत्र भैरवीच्या हातातून घेतलं, पदर खोचला आणि त्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. गल्लीतली माणसं गोळा होईपर्यंत त्या थांबल्या. मग एकेक शब्द मोठ्यानं वाचला. शेवटची ओळ दोनदा वाचली. सोमवारी भैरवीनं शाळेच्या प्रार्थनेतही ते वाचलं आणि फोन चालू ठेवून सरांना ऐकवलं. हे कळल्यावर गोपाळरावांनी पुण्याहून सरांना फोन केला; 'तो वाय मीच काढला', एवढंच ते म्हणाले. सर म्हणाले, "असू द्या गा गोपाळराव. तुमच्या हिशेबानं तुम्ही बरोबरच लिहिलं." पण फोन ठेवल्यावर ते दिवसभर जेवले नाहीत. झालेलं सगळं एका पत्रानं भरून निघतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

माझे तिघे भाऊ शाळेत आहेत. फाटलेल्याला नवं कातडं बसलं आहे आणि भैरवी मुलांना शिकवते आहे. मी सध्या सरांकडेच आहे. त्यांनी माझं अंग पुसलं, तारा ताणल्या, हळूहळू दोऱ्या आवळल्या. एकदा काडीही हातात घेतली, पण वाजवलं नाही.

मित्रांनो, मी लाकूड-कातड्याची एक वस्तू. तरी तुमच्याकडे दोन गोष्टी मागतो. कुठे एखादी पेटी, एखादी खोली वर्षानुवर्षं बंद दिसली, तर वर काय लिहिलंय तेवढं वाचून पुढे जाऊ नका. मोठ्या माणसांना बोलवा आणि उघडून बघा. आणि कधी कोणावर आळ आला, तर त्याला व्हरांड्यात उभं करून आतला निकाल लावू नका. त्यालाही आत घ्या, त्याच्या डोळ्यांनी बघू द्या. आमच्या वेळी एवढंच कोणी केलं असतं तर पुरे होतं.

परवा बाजाराचा दिवस होता. सर सकाळपासून दारापर्यंत जाऊन परत येत होते. दुपारी त्यांनी खुंटीवरची थैली काढली, चपला घातल्या आणि निघून गेले. प्रेमिलाबाई दारातच बसून राहिल्या. ऊन उतरल्यावर ते परत आले. थैलीत वांगी होती, मेथीची जुडी होती.

"कोणी काही म्हटलं का?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"म्हटलं ना. रुपराव, इतके दिवस कुठी होते गा, म्हणे."

"मग?"

सरांनी थैली त्यांच्या हातात दिली.

"म्हटलं, घरीच होतो."